दोन स्कॅनमधलं अंतर

पहाटे 5.15

गजराच्या आधी मेल येऊन पडलेला असतो. नाईट शिफ्टचा हिशेब सिस्टिम पाच वाजता आपोआप पाठवते आणि चहाचं आधण ठेवता ठेवता मी तो वाचते. किती ऑर्डरी गेल्या, किती राहिल्या, किती माल 'नॉट फाउंड' निघाला.

भिवंडीजवळच्या एका मोठ्या गोदामात मी एमआयएस, म्हणजे आकड्यांचे रिपोर्ट, बघते. लोकांनी ऑनलाइन मागवलेलं सामान तिथून निघतं. माझं काम नक्की काय, हे आईला समजावून सांगायचं मी सोडून दिलंय; ती शेजारणींना सांगते, 'कंप्युटरवर हजेरी घेते.' ते फारसं चुकीचंही नाही. शाळेतली हजेरी दिवसातून एकदा व्हायची, इथली प्रत्येक स्कॅनला होते.

सकाळी 6.35

दुर्गाडी पूल, कोन, राजनोली नाका, आणि मग महामार्गाच्या कडेने पत्र्याच्या गोदामांच्या रांगा. बसमधले निम्मे लोक पेंगत असतात. गेट आलं की सगळे एकदम जागे होतात, कारण स्कॅनरच्या खिडकीवर नंबर लावायचा असतो. थकलेल्या बॅटरीचा स्कॅनर हाती आला तर तो दुपारी मान टाकतो, आणि तो बदलून आणण्याचा वेळ आपल्याच खात्यावर पडतो.

थंब, झडती, मोबाईल लॉकरमध्ये. माझ्या मोबाईलवर परवानगीचं स्टिकर आहे, म्हणून तो आत नेता येतो. ऑफिसचा माणूस आणि फ्लोअरचा माणूस यांच्यातली रेघ आमच्याकडे त्या स्टिकरएवढी आहे.

पिकर, म्हणजे रॅकवरून वस्तू उचलणारा, स्कॅनरमध्ये आपला कोड टाकतो. पूर्वी त्याचं घड्याळ तिथेच सुरू व्हायचं आणि पहिली वस्तू स्कॅन होईपर्यंतचा वेळ 'आयडल', म्हणजे रिकामा, म्हणून लागायचा. ज्याला वरच्या मजल्याचा मागचा भाग मिळाला, त्याची सहा मिनिटं नुसती चालण्यात जायची. चूक माझीच होती. गेल्या वर्षी ती मीच दुरुस्त केली. आता घड्याळ पहिल्या स्कॅनला सुरू होतं. 'कामाला सुरुवात' म्हणजे काय, एवढी एक व्याख्या बदलली आणि चाळीसेक माणसं एका रात्रीत मेहनती ठरली.

सकाळी 7.00

ब्रीफिंग. पॅकिंगच्या टेबलांसमोर सगळे उभे. भिंतीवरच्या टीव्हीवर डावीकडे कालचे पहिले दहा, उजवीकडे शेवटचे दहा. हिरवा, पिवळा, लाल. शिफ्ट इनचार्ज आकडे वाचून दाखवतो, पण ऐकतं कोण? आधी आपलं नाव शोधायचं, मग रंग बघायचा.

हा बोर्ड मी बनवलाय. पहिल्या बोर्डावर पट्ट्या होत्या आणि त्या मी शून्याऐवजी 80 पासून सुरू केल्या होत्या. ताशी 84 वस्तू उचलणाऱ्याची पट्टी चार घरं उंच, 92 उचलणाऱ्याची बारा. कामात फरक दहा टक्क्यांहून कमी, चित्रात तिप्पट. साहेबांना तो फार आवडला. 'आता कसं नजरेत भरतं!' विल्यम प्लेफेअर नावाच्या स्कॉटिश माणसाने 1786 साली 'कमर्शिअल अँड पोलिटिकल अ‍ॅटलास' काढला आणि व्यापाराचे आकडे रेघांत नि पट्ट्यांत मांडले. तक्ते चाळायला सवड नसलेल्याला एका नजरेत गोष्ट कळावी, ही त्याची इच्छा. गोष्ट कळते खरी, पण कोणती कळणार हे पट्टी कुठून सुरू केली त्यावर ठरतं. दोन महिन्यांनी मी पट्ट्या शून्यावर आणल्या. साहेब म्हणाले, 'हे तर सगळे सारखेच दिसतात.' मी म्हटलं, 'आहेतच.' पुढच्या आठवड्यात पट्ट्या गेल्या आणि रंग आले.

आज लाल रांगेत मावशींचं नाव आहे. पन्नाशीच्या आहेत. आधी घरी बसून लूमच्या कांड्या भरायच्या. लूम थंडावले तेव्हा इकडे आल्या. कालचा वेग ताशी 86, टार्गेट 90, म्हणजे पिवळा. पण आयडल 47 मिनिटं, म्हणून लाल. शिवाय 'फास्ट स्कॅन'ची खूण. एखादा वस्तू न उचलता नुसते बारकोड मारत सुटला तर पकडता यावा, म्हणून ती खूण ठेवलेली आहे.

'मॅडम, काल मी बसले कुठे?' त्या हळूच म्हणाल्या. 'पाणी प्यायला पण दोनदाच गेले.'

शिफ्ट इनचार्ज म्हणाला, 'सिस्टिमला कुणाशी दुश्मनी आहे का, मावशी?'

आठवड्यात तीन लाल झाले की एचआरचं बोलावणं येतं. मग ठेकेदार सांगतो, 'तूर्त काम नाही.' काढलं, असं कोणी म्हणत नाही. रात्रीचा मेसेज यायचा थांबतो, इतकंच. मावशींचा हा दुसरा लाल.

सकाळी 9.15

हिशेब जुळत नव्हता. आठ तास काम, ताशी 86, म्हणजे 688 वस्तू. त्यातली 47 मिनिटं मावशी खरंच रिकाम्या होत्या, तर उरलेल्या 433 मिनिटांत त्यांनी ताशी 95 च्या वेगाने उचललं असलं पाहिजे. तो पहिल्या दहांच्याही पुढचा वेग. एकच बाई एकाच दिवशी कामचुकारही आणि विक्रमवीरही?

रिपोर्ट बाजूला ठेवला आणि कच्चा लॉग उघडला. प्रत्येक स्कॅनची एक ओळ. सकाळी 10.12 नंतर चौदा मिनिटं काही नाही. मग 22 सेकंदांत 19 स्कॅन. पुन्हा अकरा मिनिटं शांतता, पुन्हा तसाच सडा. एवढ्या झपाट्याने माणूस वस्तू उचलू शकत नाही.

लॉगमध्ये वेळेचे दोन कॉलम असतात. एक स्कॅनरच्या घड्याळाचा, दुसरा सर्व्हरवर नोंद पोचली त्या क्षणाचा. माझा रिपोर्ट दुसरा कॉलम वाचतो. का? तीन वर्षांपूर्वी रिपोर्ट बनवताना तो समोर होता म्हणून. पहिला कॉलम लावून बघितला. चौदा मिनिटांत 19 स्कॅन, व्यवस्थित अंतराअंतराने. वायफाय तुटलं की स्कॅनर नोंदी पोटात साठवतो आणि जोडणी आली की एकदम ओकतो. मावशी काम करत होत्या. त्यांचं काम चौदा मिनिटं उशिरा पोचत होतं. उशीर झाला म्हणून त्या आळशी, आणि सगळं एकदम पोचलं म्हणून लबाड.

या दोन्ही खुणा आमच्याच डोक्यातून निघालेल्या नाहीत. फ्रान्सच्या सीएनआयएल या माहिती-संरक्षण आयोगाने डिसेंबर 2023 मध्ये अ‍ॅमेझॉनच्या तिथल्या गोदाम कंपनीला 3.2 कोटी युरोंचा दंड ठोठावला. जानेवारी 2024 मध्ये तो जाहीर झाला. त्यांच्या स्कॅनरवरही अशाच खुणा होत्या. आधीच्या वस्तूनंतर 1.25 सेकंदांच्या आत दुसरी स्कॅन केली तर एक, दहा मिनिटं किंवा जास्त स्कॅन नाही तर दुसरी, एक ते दहा मिनिटांच्या खंडाला तिसरी. आयोगाचं म्हणणं होतं, इतकं बारीक मोजलं की माणसावर प्रत्येक थांबण्याचं स्पष्टीकरण देण्याची वेळ येते. कंपनीने हे निष्कर्ष मान्य केले नाहीत. मी ती बातमी वाचली तेव्हा मला खुणांची कल्पना हुशारीची वाटली होती, हे कबूल करायला हवं.

सकाळी 11.00

स्कॅनर घेऊन वर गेले. मेझनाईनवर पत्रा तापलेला, पंख्याचा वारा रॅकच्या पहिल्या रांगेपलीकडे जात नाही. गल्ली 38, 39, 40 पर्यंत वायफायच्या दांड्या नीट. 41 ला एक. 42 ला काही नाही.

गेल्या महिन्यापर्यंत इथे चादरी नि टॉवेल होते. जास्त खपणारा माल जिन्याजवळ आणि कमी खपणारा मागे, हे जागावाटप दर महिन्याला एक प्रोग्रॅम करतो. त्याने चादरी पुढे आणल्या आणि स्टीलचे डबे, कढया, पातेली 41 ते 46 मध्ये ढकलली. चालण्याच्या हिशेबाने निर्णय बरोबर होता. पण छतापर्यंत स्टील रचलं की वायफायला वाट उरत नाही, आणि ही गोष्ट त्या प्रोग्रॅमच्या कोष्टकात कुठेच नव्हती.

'खड्डा बघायला आलात?' एक शहापूरचा पोरगा ट्रॉली ढकलत म्हणाला.

'कसला खड्डा?'

'ही लाईन. इथे आलं की स्कॅनर मुका होतो. जिन्यापाशी गेलं की मग टुंग टुंग टुंग सुरू.'

म्हणजे मी सकाळभर लॉग उपसून जे शोधून काढलं, त्याला इथे महिनाभर नाव होतं. 'मग सांगितलं का नाही?' या प्रश्नावर तो नुसता हसला. सांगायचं कुणाला? इनचार्जला सांगितलं तर म्हणतो सिस्टिममध्ये दिसत नाही, आणि सिस्टिम मी बघते, खाली, एसीत.

त्याच्याकडून आणखीही शिकायला मिळालं. दहा किलो आट्याची पिशवी एक वस्तू आणि टिकल्यांचं पाकीटही एकच वस्तू. म्हणून हलक्या मालाची यादी कोणाला मिळते यावर सकाळी छोटीशी झटापट होते. आणि टार्गेट पार झालं तरी 92 च्या पुढे शहाणा माणूस जात नाही. 'आज 95 केले तर पुढच्या महिन्यात 95 च मागतील, मॅडम.'

चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने 1975 साली पैशाच्या धोरणाबद्दल एक निरीक्षण मांडलं होतं. आकड्याला लगाम म्हणून वापरायला गेलं, की ज्या भरवशावर तो निवडला तो भरवसाच ढासळतो. आमच्या आकड्याचं काय झालंय, ते या पोराने आट्याच्या पिशवीवर हात ठेवून सांगितलं.

दुपारी 12.30

डॉकवर ट्रक लागलाय. उतरवायला माथाडींची टोळी आहे. ट्रकच्या फाळक्यावर खडूने चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी, असा मुकादमाचा हिशेब चाललेला. आमचा इन्वर्डचा माणूस तेच खोके स्कॅन करतो. दोन्ही आकडे बहुतेक वेळा जुळतात.

मी इथे जरा जास्त रेंगाळते. बाबा वाशीच्या बाजारात कांदा-बटाट्याच्या टोळीत होते. माथाडींचा कायदा 1969 चा, अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून आलेला. मंडळाकडे नोंदणी, मजुरी नि लेव्ही मंडळामार्फत. पण लहानपणी मला कळायची ती एकच गोष्ट: घरी येणारा आकडा टोळीचा असायचा. आज अमुक इतकी पोती, माणसं इतकी, वाटा इतका. टोळीत एक म्हातारबाबा होते, ते दुपारनंतर निम्मीच पोती उचलायचे. वाटा पुरा घ्यायचे. त्यावरून भांडणं व्हायची, शिव्याही ऐकल्यात मी. पण ते भांडण टोळीतलं. म्हातारबाबांनी किती उचललं हे व्यापाऱ्याला कधी कळलं नाही, कारण ते कोणी लिहिलंच नव्हतं.

आमच्याकडे लिहिलेलं असतं. टोळीचा आकडा एकेका माणसात मोडता येतो, मग एकेका मिनिटात. मोडता येतो म्हणून मोडला, यापलीकडचं कारण मला सापडलेलं नाही.

दुपारी 1.45

हेड ऑफिसची व्हिडिओ मीटिंग. स्क्रीनवर देशभरच्या गोदामांचा नकाशा. आमचं गोदाम पिवळा ठिपका. या खोलीत आम्हीच बोर्डावर असतो. सकाळी शिफ्ट इनचार्जचा जो आवाज असतो, तो इथे आमच्या मॅनेजरचा नसतो.

पहिला विषय टार्गेट. मागच्या चार आठवड्यांतल्या वरच्या पाव भागाची सरासरी, हे सूत्र. त्यामुळे पुढच्या महिन्यापासून 90 चे 92. शहापूरच्या पोराचा हिशेब हेड ऑफिसपेक्षा पक्का निघाला. सगळे 92 वर थांबले होते आणि सूत्रालाही तिथेच थांबावं लागलं.

हे शहाणपण जुनं आहे. फ्रेडरिक टेलर अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या मिडव्हेल पोलाद कारखान्यात होता, तेव्हा कामगार मुद्दाम हात आखडतात हे त्याने हेरलं, आणि जास्त काम केलं की मालक नगामागचा दर कापतो म्हणून ते असं करतात, हेही त्याने लिहून ठेवलं. त्यावर त्याचा उपाय स्टॉपवॉचचा. 1911 साली त्याचं 'प्रिन्सिपल्स ऑफ सायंटिफिक मॅनेजमेंट' आलं, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या वॉटरटाऊन शस्त्रागारातले साचेकामगार स्टॉपवॉचच्या विरोधात काम टाकून बाहेर पडले. पुढे 1915 मध्ये अमेरिकन काँग्रेसने लष्कराच्या खर्चाच्या विधेयकातच सरकारी शस्त्रागारांत स्टॉपवॉच वापरायला मनाई घातली. तेव्हा स्टॉपवॉचवाला निदान समोर उभा असायचा. त्याच्याकडे बघून हात थांबवता यायचा.

माझा विषय शेवटी आला. दोन कॉलम, खड्डा, मावशींचं उदाहरण. महिन्याभरात केवळ या गल्लीमुळे लाल झालेल्या 23 जणांची यादी. पलीकडे थोडी शांतता. मग उत्तर: उद्यापासून स्कॅनरची वेळ धरा, हरकत नाही. वायफायचा डबा बसवायला आयटीला सांगा. पण मागचा डेटा बदलू नका, ट्रेंड तुटेल.

'आणि त्या 23 जणांचे लाल?'

'ते एचआरशी बोला.'

एचआरला यादी पाठवली. मावशींचे दोन्ही लाल रद्द करावेत, असं वेगळ्या ओळीत लिहिलं. आमच्या मॅनेजरला कॉपीत ठेवलं. त्यांनी दोन मिनिटांत 'सहमत' असं एका शब्दाचं उत्तर टाकलं. बोर्ड सगळ्यांना दिसतो. असे शब्द मेलमध्ये राहून जातात.

दुपारी 3.00

उद्या किती माणसं लागतील, ते साडेतीनपर्यंत ठेकेदाराला कळवायचं असतं. आकडा मॉडेल काढतं. आज मॉडेल म्हणतं, 340.

मी भिंतीकडे बघितलं. माझ्या टेबलामागे कालनिर्णय लटकतंय. ऑफिसात लोक त्यावरून चेष्टा करतात. मॉडेल मागच्या वर्षीचा हाच आठवडा बघतं. 2025 मध्ये गणपती 27 ऑगस्टला होते, त्यामुळे या सुमारास ऑर्डरींचा पूर होता. यंदा अधिक महिना आला. गणपती 14 सप्टेंबरला, म्हणजे अठरा दिवस पुढे. मॉडेलला तारीख कळते, तिथी कळत नाही.

सणांचा एक कॉलम भरून मॉडेलला द्यावा, हे मी दोन वर्षं सांगतेय. तोवर हाताने बदल. मी 260 लिहिले. बदलाचं कारण यादीतून निवडावं लागतं: पाऊस, संप, सेल, तांत्रिक अडचण, इतर. अधिक मास यादीत नाही. 'इतर' निवडलं.

340 बोलावले असते तर ऐंशी जणांना सकाळी गेटवरूनच परत पाठवलं असतं. बसभाडं गेलेलं, हजेरी नाही. आणि माझा अंदाज चुकून ऑर्डरी आल्या, तर कट-ऑफ, म्हणजे माल निघायची ठरलेली वेळ, चुकेल आणि ठिपका लाल होईल.

दुपारी 3.50

दुसऱ्या शिफ्टच्या ब्रीफिंगआधी बोर्डाच्या तळाशी एक ओळ घातली, मोठ्या अक्षरात, मराठीत आणि हिंदीत: 'आयडल म्हणजे दोन स्कॅनमधलं दहा मिनिटांहून जास्त अंतर. ते का पडलं, हे सिस्टिमला माहीत नसतं.' परवानगी विचारली नाही. विचारली असती तर फाँटपासून चर्चा सुरू झाली असती.

अमेरिकेत कॅलिफोर्नियात 1 जानेवारी 2022 पासून कायदाच आहे, की गोदामातल्या कामगाराला त्याचं टार्गेट लेखी सांगायचं, आणि जेवणाची किंवा विश्रांतीची सुट्टी बुडेल असं टार्गेट लावायचं नाही. आमच्याकडे तीन वर्षं बोर्ड आहे आणि त्यावरच्या शब्दांचा अर्थ काय, हे आज पहिल्यांदा लिहिलं गेलं.

लोकांनी नावं शोधली, रंग बघितले. एका मुलीने मात्र खालची ओळ वाचली आणि हात वर केला. ब्रीफिंगमध्ये हात वर करायची आमच्याकडे पद्धत नाही.

'ताई, मग लिफ्टचं काय? ट्रॉली खाली न्यायला लिफ्टपाशी उभं राहतो, तेव्हा स्कॅन कुठून होणार?'

मालाची लिफ्ट एकच. दुपारनंतर तिथे रांग लागते, हे मी रोज बघते. डायरीत लिहिलं: लिफ्ट.

दुपारी 4.40

परतीच्या बसमध्ये मावशी शेजारी येऊन बसल्या. खड्ड्याचं काय झालं ते सांगितलं, लाल काढायला लिहिलंय तेही सांगितलं.

'म्हणजे काल मी बसले नव्हते.'

'नव्हता.'

'ते मला ठाऊक होतं,' मावशी म्हणाल्या आणि डब्याची पिशवी मांडीवर घेऊन कोन येईपर्यंत झोपल्या.

रात्री 9.00

ठेकेदार उद्याची यादी ग्रुपवर टाकतो आणि ती मला फॉरवर्ड होते. 260 नावं. खाली खाली सरकवत गेले. मावशींचं नाव 143 वर सापडलं. बरं वाटलं.

मग वाटलं, उरलेली ऐंशी नावं कुठे आहेत? ती माणसं आता फोन हातात घेऊन बसली असतील. साडेनऊपर्यंत वाट बघतील आणि मग गजर न लावता झोपतील. मी अंदाज बरोबर केला म्हणून त्यांचा उद्याचा रोज गेला. उद्या ऑर्डरी कमीच आल्या, तर अंदाज अचूक ठरला म्हणून माझी पाठ थोपटली जाईल. यादीत नसलेल्यांचा वेग निघत नाही, आयडल निघत नाही, त्यांना लाल रंगसुद्धा मिळत नाही.

फोरकास्टच्या शीटमध्ये एक कॉलम वाढवायचाय: तयार असून ज्यांना बोलावलं नाही, त्यांचा. महिन्याअखेर त्याची बेरीज वरच्यांच्या नजरेसमोर यायला हवी. डायरीत लिफ्टच्या खाली नोंद केली. कॉलमला नाव काय द्यावं, ते अजून सुचलेलं नाही.